तीन संधी, दहा यार्ड आणि डोक्यावर कलिंगड

ऑगस्ट संपत आला की कॅनडातल्या आमच्या रेजायना शहरात किराणा दुकानांच्या दाराशी कलिंगडांचे ढीग लागतात. त्यातली कितीतरी खायला नाही, डोक्यावर घालायला नेतात. शेजारच्या आजींनी पहिल्या वर्षी आमच्याच ओट्यावर मला ते करून दाखवलं. कलिंगड आडवं ठेवायचं, एका बाजूने चेहरा बसेल एवढी फोड काढायची. मग मोठ्या डावाने गर खरवडायचा, पण पांढरा भाग बोटभर राहू द्यायचा, नाहीतर साल तडकते. कडा सुरीने गोल करायच्या आणि आतून जुना टॉवेल लावायचा. एवढं करूनही तासाभरात रस मानेवरून कॉलरमध्ये उतरतो, गांधीलमाश्या घिरट्या घालायला लागतात. तरी स्टेडियममध्ये नजर जाईल तिकडे ही हिरवी शिरस्त्राणं दिसतात, कारण हिरवा हा सस्कॅचवान रफरायडर्स या आमच्या फुटबॉल संघाचा रंग आहे आणि तो लेबर डेचा आठवडा असतो.

मी इथे आले तेव्हा कलिंगड लगेच कळलं. खेळ कळायला मात्र दोन हंगाम गेले. सोमवारी कामावर चहाच्या वेळी सगळे पोटतिडकीने बोलत असायचे. तिसऱ्या डाउनला दोनच यार्ड हवे होते, तरी पंट का केलं? शेवटी तो एक गुण का सोडला? वारा पाठीशी होता तेव्हा लांबून किक का नाही घेतली? शब्द कानावर पडायचे, पण त्यामागची कळकळ कळायची नाही. कॅनडात राहणाऱ्या किंवा मुलांकडे इथे येणाऱ्या मराठी माणसांचं असंच होत असणार. टीव्ही चालू असतो, घरातली नातवंडं ओरडत असतात आणि आपण मधेच उठून पोहे करायला जातो. त्यांच्यासाठी हा लेख. एका आठवड्याचे चार सामने आणि त्यावरची भांडणं समजतील, एवढंच मी बघणार आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला इथे सॉकर म्हणतात. इथला फुटबॉल अंडाकृती चेंडूचा. तो हातात घेऊन पळायचा, फेकायचा, झेलायचा, आणि पळणाऱ्याला समोरच्यांनी धरून खाली पाडायचं. अमेरिकेत असाच खेळ आहे, त्यामुळे बरेच जण कॅनडाच्या फुटबॉलला त्याची छोटी आवृत्ती समजतात. खरं तर मैदान इथलं मोठं आहे. गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद. अमेरिकेत हेच १०० आणि साधारण ५३. दोन्ही टोकांना गोलरेषेपलीकडे २० यार्डांचा पट्टा असतो, त्याला एंड झोन म्हणतात. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे हा पट्टा जवळजवळ एका खेळपट्टीएवढा खोल. प्रत्येक बाजूला खेळाडू बारा, अमेरिकेत अकरा. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे दहा यार्ड पुढे सरकायला अमेरिकेत चार संधी मिळतात, इथे तीन. या संधीला डाउन म्हणतात.

इथल्या खेळातलं जवळजवळ सगळं या एका आकड्यातून निघतं.

दहा यार्ड म्हणजे अर्ध्या खेळपट्टीपेक्षाही कमी अंतर. तीन डाउनमध्ये तेवढं कापलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, पुन्हा दहा यार्ड आणि पुन्हा तीन संधी. असं करत करत चेंडू समोरच्यांच्या एंड झोनमध्ये नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. वर एका जादा गुणासाठी किक किंवा दोन गुणांसाठी आणखी एक प्रयत्न. लांबूनच दोन खांबांच्या मधून चेंडू लाथेने पार केला तर फील्ड गोल, त्याचे तीन गुण.

आता कागदावर संधी तीन असल्या, तरी मोकळ्या मनाने खेळायच्या दोनच. प्रो कबड्डी बघणाऱ्याला हे पटकन कळेल. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी चढाई ‘करो या मरो’ची असते, गुण आणला नाही तर चढाई करणारा बाद. इथेही पहिल्या दोन डाउनमध्ये दहा यार्ड झाले नाहीत की तिसऱ्या वेळी सगळं स्टेडियम उभं राहतं. कारण तिसऱ्यांदा अडलात तर चेंडू तिथल्या तिथे समोरच्यांचा. म्हणून बहुतेक वेळा संघ तिसऱ्या डाउनला चेंडू लाथेने लांब उडवून देतो, म्हणजे पंट करतो. समोरच्यांना चेंडू द्यायचाच आहे तर निदान आपल्या दारापासून दूर द्यावा, हा त्यातला विचार. खांब आवाक्यात असतील तर फील्ड गोल. आणि या दोन्ही गोष्टी न करता उरलेले यार्ड कापायला निघाला, तर इथले लोक त्याला सरळ जुगार म्हणतात.

सोमवारच्या गप्पांचा निम्मा वेळ या जुगारात जातो. मलाही हा विषय सगळ्यात आवडतो, कारण यात नशिबाइतकंच गणित आहे. समजा एकच यार्ड हवा आहे. कॅनडाच्या नियमात बचाव करणाऱ्यांना चेंडूपासून पूर्ण एक यार्ड मागे उभं राहावं लागतं. म्हणजे धक्काबुक्की सुरू होण्याआधीच तुम्हाला हवी तेवढी मोकळी जागा समोर असते. अशा वेळी संघ नेहमीचा क्वार्टरबॅक बाहेर बसवतो आणि अंगाने दणकट असा दुसरा आत पाठवतो. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू पहिल्यांदा ज्याच्या हाती येतो आणि पुढे काय करायचं ते ठरवतो तो गडी. हा दणकट गडी चेंडू पोटाशी धरतो, डोकं खाली घालतो आणि आपल्या माणसांच्या पाठीला खांदा लावून ढकलत पुढे घुसतो. चोवीस माणसांचा ढीग होतो. पंच एकेकाला उचलून बाजूला करतात, सगळ्यात खाली चेंडू कुठे आहे ते बघतात, दोन माणसं साखळी घेऊन धावत येतात, साखळी ताणली जाते आणि तेवढा वेळ तीस हजार माणसं श्वास धरून बघत असतात. एक यार्ड असेल तर जवळजवळ सगळे संघ असंच करतात, आणि जो करत नाही त्या प्रशिक्षकाला आठवडाभर ऐकून घ्यावं लागतं. खरं भांडण दोन-तीन यार्डांवर होतं. चार यार्ड असतील तर पंट, हे सगळ्यांना मान्य असतं. मधल्या दोन-तीन यार्डांत मात्र एकाच घरात बाप एका बाजूला आणि लेक दुसऱ्या बाजूला.

माझं मत विचाराल तर मैदानाच्या मध्याच्या पुढे असताना दोन यार्डांसाठी जुगार खेळावा. पंट केल्यावर समोरच्यांनाही दोनच मोकळ्या संधी मिळणार हे खरं, पण चेंडू हातात असणं याला इथे फार मोल आहे.

दोन संधींत दहा यार्ड कापायचे असल्यामुळे इथे फेकाफेकी जास्त होते. नुसतं पळून दरवेळी पाच-पाच यार्ड मिळत नाहीत. आणि रुंद मैदानात झेल घेणाऱ्यांना मोकळी जागाही भरपूर. त्यातच कॅनडाचा एक नियम असा की, खेळ सुरू होण्याआधी हे झेल घेणारे, म्हणजे रिसीव्हर, मागून पळत येऊ शकतात. वेगवान गोलंदाज रन-अप घेतो तसं ते बारा-पंधरा पावलं मागून सुटतात आणि चेंडू हलायच्या क्षणी रेषेवर पूर्ण वेगात असतात. रेषा अर्धं पाऊल आधी ओलांडली तर नो-बॉलसारखा दंड, पाच यार्ड मागे. याला इथे वॅगल म्हणतात. टीव्हीवर कॅमेरा क्वार्टरबॅकवर असतो, त्यामुळे ते नीट दिसत नाही. स्टेडियममध्ये वरच्या रांगेतून बघितलं की चार-पाच माणसं वेगवेगळ्या कोनांतून एकाच रेषेकडे एकाच वेळी झेपावताना दिसतात, आणि समोर उभ्या असलेल्या बचावपटूला त्यांच्याकडे तोंड करून मागे पळावं लागतं. मला या खेळात याच्याइतकं देखणं दुसरं काही वाटत नाही.

चुकल्याबद्दल गुण?

आता त्या एका गुणाकडे येऊ. त्याला इथे रूज म्हणतात, आणि नव्या माणसाला तो सगळ्यात विचित्र वाटतो.

खांब इथे एंड झोनच्या मागे नाहीत, गोलरेषेवर उभे आहेत. त्यामुळे फील्ड गोल हुकला तरी चेंडू खांबांच्या बाजूने जाऊन मागच्या २० यार्डांत पडतो, आणि खेळ तिथेच थांबत नाही. तिथे समोरच्यांचा एक माणूस उभा असतो. त्याने तो चेंडू उचलून एंड झोनच्या बाहेर पळत आणायचा. आणता आला नाही, आत पकडला गेला किंवा त्याने स्वतःच गुडघा टेकला, तर किक मारणाऱ्यांना एक गुण. पंटचंही तसंच. २०२५ पर्यंत चेंडू एंड झोनच्या पार मागे निघून गेला तरीही तो एक गुण मिळायचा. म्हणूनच लोक म्हणतात, नेम चुकला तरी गुण कसा?

मला हा आक्षेप अर्धाच पटतो. चेंडू तुमच्या घरात येऊन पडला आणि तुम्हाला तो बाहेर नेता आला नाही, याचा तो गुण आहे. कबड्डीत बोनस रेषा ओलांडली की एक गुण मिळतो, कुणाला शिवलं नाही तरी, तसंच. आणि या एका गुणामुळे शेवटच्या मिनिटात जे घडतं ते दुसऱ्या कुठल्या खेळात घडत नाही. बरोबरी आहे, शेवटचा डाव आहे, चेंडू चाळीस यार्डांवर. किक मारणाऱ्याला खांबांच्या मधून नाही घालता आला तरी चालेल, समोरच्यांना तो एंड झोनच्या बाहेर आणता आला नाही की एका गुणाने जिंकलो. मग बचाव करणारा संघ काय करतो? एंड झोनमध्ये आपलाच लाथ मारणारा नेऊन उभा करतो. चेंडू आला की तो उचलून परत मैदानात उडवून देतो. कॅनडाच्या नियमात कुठल्याही क्षणी लाथ मारता येते, म्हणून पुढचा माणूस तो झेलून पुन्हा एंड झोनकडे मारू शकतो. घड्याळ शून्यावर आणि चेंडू वर.

लाथेबद्दल आणखी एक. पंटचा चेंडू झेलणाऱ्या माणसाच्या भोवती पाच यार्डांचं मोकळं रिंगण ठेवावं लागतं, त्याच्या हातात चेंडू येईपर्यंत कुणी आत शिरायचं नाही. अमेरिकेत झेलणारा हात वर करून ‘मला धरू नका, मी पळणार नाही’ असं सांगू शकतो. इथे ती सोय नाही. चेंडू आला की पळायचंच. त्यामुळे प्रत्येक पंट हा नवा डाव असतो. मैदान मोठं असल्याने एखादा चपळ गडी शंभर यार्ड पळून टचडाउन करून जातो आणि सगळा सामना फिरतो. मग सोमवारी प्रश्न येतो की, असल्या माणसाकडे सरळ मारलाच कशाला, बाजूच्या रेषेबाहेर का नाही मारला?

वाऱ्याचं तर विचारूच नका. रेजायना आणि विनिपेग सपाट गवताळ प्रदेशात आहेत, डोंगर नाही की आडोसा नाही. नाणेफेकीत कुठल्या टोकाकडून खेळायचं ते निवडता येतं, आणि चौथ्या भागात, म्हणजे शेवटच्या पंधरा मिनिटांत, वारा आपल्या पाठीशी हवा म्हणून संघ सुरुवातीचे फायदे सोडतात. आजी सामन्याला निघायच्या आधी अंगणात उभ्या राहून समोरच्या घरावरच्या झेंड्याकडे बघतात. आमच्या आजोळी पाऊस येणार का ते माणसं अशीच बघायची.

आठवडा कसा असतो

कॅनडाच्या या फुटबॉल लीगमध्ये संघ फक्त नऊ. पश्चिमेकडे व्हँकुव्हरचे बीसी लायन्स, एडमंटन एल्क्स, कॅलगरी स्टॅम्पीडर्स, आमचे सस्कॅचवान रफरायडर्स आणि विनिपेग ब्लू बॉम्बर्स. पूर्वेकडे हॅमिल्टन टायगर-कॅट्स, टोरांटो आर्गोनॉट्स, ऑटवा रेडब्लॅक्स आणि मॉन्ट्रियल अलूएट्स. नऊ हा विषम आकडा, म्हणून आठवड्याला चार सामने आणि एक संघ तरी घरी. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एकवीस आठवड्यांत प्रत्येकाचे अठरा सामने होतात, मग बाद फेरी आणि नोव्हेंबरात ग्रे कपचा अंतिम सामना. थंडी तोपर्यंत कडाक्याची झालेली असते.

संघ इतके कमी असल्यामुळे तेच ते संघ पुन्हा पुन्हा भेटतात. बाहेरचे लोक याला कमीपणा समजतात. मला तर यातच गोडी वाटते. गावातल्या दोन तालमींच्या पोरांना एकमेकांचे डाव पाठ असतात, तरी दरवर्षी जत्रेत कुस्ती लागतेच. सस्कॅचवान आणि विनिपेग हे असे शेजारी. रस्त्याने अंतर पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास, मधे गव्हाची आणि मोहरीसारख्या पिवळ्या कॅनोलाची शेतं. दोन्ही संघांचा मालक कुणी एक धनिक नाही. ते समाजाच्या मालकीचे आहेत. आपल्या सहकारी संस्थांसारखं म्हणता येईल. त्यामुळे हरल्यावर राग काढायला कुणी मालक सापडत नाही आणि जिंकल्यावर सगळ्यांनाच आपण जिंकल्यासारखं वाटतं.

लेबर डे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येतो. त्या शनिवार-रविवार-सोमवारात ठरलेल्या जोड्या खेळतात. रविवारी विनिपेगवाले आमच्याकडे येतात. सोमवारी कॅलगरी आणि एडमंटन भिडतात, तसेच हॅमिल्टन आणि टोरांटो. आणि लगेच पुढच्या आठवड्यात आम्ही विनिपेगला जातो. त्या परतीच्या सामन्याला बँजो बोल म्हणतात. २००३ मध्ये विनिपेगचा किक मारणारा ट्रॉय वेस्टवुड सस्कॅचवानच्या लोकांना बँजो वाजवणारे अडाणी अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेला. पुढच्या वर्षापासून तेच नाव सामन्याला चिकटलं.

२०२३ चा तो पंधरवडा मी विसरणार नाही. ३ सप्टेंबरला रेजायनात सामना बरोबरीत सुटला, जादा वेळेत गेला आणि सस्कॅचवान ३२-३० ने जिंकलं. जादा वेळेत दोन्ही संघांना समोरच्यांच्या ३५ यार्ड रेषेवरून आळीपाळीने चेंडू मिळतो, त्यामुळे एकेक डाउन पेनल्टी किकसारखा वाटतो. त्या रात्री शहरात गाड्यांचे हॉर्न वाजत होते. अकरा सामन्यांत सहा विजय झाले होते, बाद फेरी हाताशी आली असं सगळ्यांनी धरलं होतं. सहाच दिवसांनी बँजो बोलमध्ये विनिपेगने ५१-६ असं धुतलं. तेच दोन संघ, तेच खेळाडू. त्या सोमवारी चहाला कुणी बोललंच नाही. आणि ती नुसती एक वाईट संध्याकाळ नव्हती. त्यानंतर सस्कॅचवानने उरलेले सगळे सामने गमावले. सलग सात. हंगाम सहा विजय आणि बारा पराभवांवर संपला. कॅलगरीचेही नेमके सहाच विजय होते, पण आपसातल्या सामन्यांत ते वरचढ ठरले आणि बाद फेरीत गेले. म्हणजे जुलैमध्ये कॅलगरीकडून दोन गुणांनी झालेला पराभव, जो तेव्हा कुणी फारसा मनावर घेतला नव्हता, तो ऑक्टोबरात महागात पडला. म्हणून इथले जुने चाहते जुलैतल्या एका गुणासाठीही भांडतात. मला सुरुवातीला ते अति वाटायचं.

त्याच वर्षी एडमंटनचं दुःख मात्र संपलं. ऑक्टोबर २०१९ नंतर ते स्वतःच्या मैदानावर एकदाही जिंकले नव्हते. २०२० चा हंगाम महामारीमुळे झालाच नाही, पण पुढे एकामागून एक असे घरचे सलग २२ सामने हरले. २७ ऑगस्ट २०२३ ला ऑटवाविरुद्ध ती माळ तुटली. मी इथल्या टीव्हीवर बघत होते, आणि आमचा काही संबंध नसताना डोळे भरून आले. चार वर्षं तिकीट काढून हरायला जाणारी ती माणसं नजरेसमोर होती.

पूर्व-पश्चिमेचं एक गणितही समजून घ्यावं लागतं. दोन्ही विभागांतून तीन-तीन संघ बाद फेरीत जातात. पण एका विभागातला चौथा दुसऱ्यातल्या तिसऱ्यापेक्षा गुणांनी पुढे असेल, तर तो सीमा ओलांडून त्या विभागाच्या बाद फेरीत खेळतो. म्हणून ऑक्टोबरात रेजायनातला माणूस टोरांटो-ऑटवा सामना जीव मुठीत धरून बघताना दिसला, तर त्यामागे हे कारण असतं. २०२५ मध्ये पश्चिमेत चौथं आलेलं विनिपेग असंच पूर्वेकडे गेलं. अंतिम सामना त्यांच्याच शहरात होणार होता, पण पहिल्याच फेरीत मॉन्ट्रियलने त्यांना घरी पाठवलं.

तेरावा माणूस

सस्कॅचवानच्या चाहत्यांना फार वर्षांपासून ‘तेरावा माणूस’ म्हणतात. मैदानात बारा, आणि आरडाओरडा करून साथ देणारा तेरावा. २९ नोव्हेंबर २००९ ला कॅलगरीतल्या ग्रे कप अंतिम सामन्यात हा शब्द वेगळ्याच अर्थाने आला. सस्कॅचवान २७-२५ ने पुढे होतं. शेवटच्या डावात मॉन्ट्रियलच्या डेमन डुव्हालने ४३ यार्डांवरून किक मारली आणि ती हुकली. हिरवे खेळाडू मैदानात धावले, मिठ्या मारायला लागले. पण गवतावर पंचांचा झेंडा पडला होता. किकच्या वेळी सस्कॅचवानचे मैदानात बाराऐवजी तेरा खेळाडू होते. दहा यार्डांचा दंड, पुन्हा किक, आता ३३ यार्डांवरून. ती गेली. मॉन्ट्रियल २८-२७.

आजी त्या रात्रीबद्दल एकदाच बोलल्या. टीव्ही बंद केला आणि बाहेर जाऊन दारातला बर्फ काढत बसले, असं म्हणाल्या.

त्यांना पुढे दोनदा आनंद मिळाला. २०१३ मध्ये रेजायनातच कप जिंकला, आणि मग १६ नोव्हेंबर २०२५ ला विनिपेगमध्ये, त्याच मॉन्ट्रियलला २५-१७ ने हरवून. त्या सामन्याच्या शेवटच्या भागात मॉन्ट्रियलचा चेंडू आमच्या गोलरेषेच्या तोंडाशी हातातून सुटला. वर सांगितला तोच दणकट गड्याने डोकं घालून घुसायचा डाव, जो शंभरात क्वचित फसतो. आमच्या खोलीत कुणी ओरडलं नाही, आधी सगळ्यांनी पंचांचा झेंडा पडला नाही ना ते बघितलं. कप पाचव्यांदा घरी आला.

हा कप अर्ल ग्रे या तेव्हाच्या गव्हर्नर जनरलने १९०९ मध्ये दिला. त्यांच्या मनात तो हॉकीसाठी द्यायचा होता, पण हॉकीसाठी दुसऱ्याने कप आधीच दिला, म्हणून हा फुटबॉलकडे आला. दहा यार्ड, तीन डाउन आणि बारा माणसं हे नियम त्याहूनही आधीचे, १९०३ चे. टोरांटो विद्यापीठाच्या संघाचा कर्णधार बर्नसाइड याच्या नावाने ते ओळखले जातात. आजची लीग मात्र १९५८ मधली.

संघात कॅनडाचे खेळाडू ठरावीक संख्येने असलेच पाहिजेत असाही नियम आहे. बाकीचे बरेच अमेरिकेतून येतात. त्यामुळे एखादा कॅनेडियन गडी जखमी झाला की त्याच्या जागी नुसता चांगला खेळाडू चालत नाही, कॅनेडियनच शोधावा लागतो, किंवा दुसरीकडे कुठेतरी एक कॅनेडियन वाढवून इथे अमेरिकन घ्यावा लागतो. आयपीएलमध्ये चार परदेशी खेळाडूंचं गणित करणाऱ्याला हे सांगायला नको.

सध्या कशावर भांडण आहे

सप्टेंबर २०२५ मध्ये लीगचे आयुक्त स्टुअर्ट जॉन्स्टन यांनी मोठे बदल जाहीर केले. त्या आठवड्यात सामन्यांवर कुणी बोललंच नाही. २०२६ पासून चेंडू एंड झोनच्या पार निघून गेला किंवा फील्ड गोल बाजूने हुकला, तर तो एक गुण मिळणार नाही; आत उभा असलेला माणूस चेंडू घेऊन बाहेर येऊ शकला नाही तर मात्र मिळेल. दोन डावांमधली वेळही बदलणार. पंचांच्या इशाऱ्यानंतर २० सेकंद, ही पद्धत जाऊन आधीचा डाव संपताच ३५ सेकंदांचं घड्याळ आपोआप सुरू. आणि २०२७ पासून मैदान ११० ऐवजी १०० यार्ड, एंड झोन २० ऐवजी १५ यार्ड, आणि खांब गोलरेषेवरून उचलून एंड झोनच्या मागे. तीन डाउन, बारा खेळाडू आणि मैदानाची रुंदी तशीच राहील.

लीगचं म्हणणं, यामुळे टचडाउन वाढतील. खांब मध्ये नसतील तर गोलरेषेजवळ फेकायला मोकळी जागा मिळेल, आणि फील्ड गोलसाठी जास्त लांब मारावं लागेल म्हणून संघ जुगार खेळतील. हे पटण्यासारखं आहे. बीसी लायन्सचा क्वार्टरबॅक नेथन रुर्क, जो स्वतः कॅनडाचा आहे, त्याने मात्र उघडपणे कडक विरोध केला, आणि आमच्याकडे त्याला लगेच पाठिंबा मिळाला, एरवी तो आमच्या विरुद्ध संघाचा असूनही.

माझं मन दोन्हीकडे ओढतं. रूजमधला बदल मला मान्य आहे. चेंडू नुसता पार गेला म्हणून गुण मिळू नये, पण आतल्या माणसाने पळायलाच हवं, हा त्यातला गाभा त्यांनी ठेवला आहे. मैदान लहान करणं मात्र मनाला लागतं. ११० यार्डांच्या मैदानात बरोबर मध्ये ५५ ची रेषा असते. एखादी गोष्ट मोजमापात वेगळी असली की ती आपली वाटते. आपल्याकडे शेताचा गुंठा आणि एकर सोडून द्यायला कुणाचा जीव होत नाही, हिशेब हेक्टरात सोपा झाला तरी. आकडा बदलला की वरवर काही बिघडत नाही, पण बापाने मुलाला जे दाखवलं ते मुलाला नातवाला दाखवता येत नाही.

आजींची खुर्ची एंड झोनच्या मागे, सातव्या रांगेत आहे. तिकीट स्वस्त म्हणून घेतलं होतं, आता हौसेने तिथेच बसतात. मी हिशेब करून त्यांना सांगितला. २०२७ मध्ये खांब तुमच्या दिशेने दहा यार्ड सरकतील आणि मैदानाची मागची रेषा तुमच्यापासून दहा यार्ड लांब जाईल. त्यांनी जरा वेळ विचार केला. मग विचारलं की, चेंडूची वाट बघत एंड झोनमध्ये जो पोरगा उभा असतो, त्याचं तोंड त्यांना आत्ता अगदी स्पष्ट दिसतं, पळायचं की गुडघा टेकायचा हे तो कधी ठरवतो ते त्याच्या खांद्यावरून कळतं, ते तेव्हाही कळेल का?